जनुकं वाचणारं सॉफ्टवेअर फुकट का मिळतं? बायोइन्फर्मॅटिक्समधल्या 'ओपन सोर्स'ची गोष्ट

२४ मार्च २०२१. महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट चढत होती. त्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक माहिती दिली. महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये 'ई४८४क्यू' आणि 'एल४५२आर' असे दोन बदल असलेल्या विषाणूचं प्रमाण डिसेंबर २०२० च्या तुलनेत वाढलं होतं. लगेच सगळ्या बातम्यांमध्ये 'डबल म्युटंट' हा शब्द दिसू लागला. पुढे या विषाणूच्या कुळाला 'बी.१.६१७' हे नाव मिळालं आणि त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' असं नाव दिलं.

त्या काळात आपण टीव्हीवर पीपीई किट घातलेले तंत्रज्ञ पाहिले, स्वॅबच्या नळ्या पाहिल्या, सिक्वेन्सिंगची मशिन्स पाहिली. पण मशिनमधून बाहेर पडलेल्या लाखो तुकड्यांमधून 'विषाणूत अमुक ठिकाणी बदल झालाय' हे शोधलं कुणी? ते काम सॉफ्टवेअरने केलं. आणि जगभरात या कामासाठी वापरलं जाणारं बरंचसं सॉफ्टवेअर कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं, उघडून बघू शकतं आणि हवं तर बदलूही शकतं.

हे सॉफ्टवेअर कोण लिहितं? ते फुकट का देतात? ते बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? समजून घेऊया.

बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे काय?

बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजेच जैवमाहितीशास्त्र. जीवशास्त्रातली प्रचंड माहिती संगणकाच्या मदतीने साठवायची, जुळवायची आणि तिचा अर्थ लावायचा, असं हे शास्त्र आहे.

डीएनए हा ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे असं समजा. कोरोना विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, साधारण ३० हजार अक्षरांचा असतो (तो डीएनए नाही, आरएनए असतो, पण वाचण्याची तऱ्हा तीच). माणसाचा जिनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे.

अडचण अशी की बहुतेक मशिन्सना हा मजकूर सलग वाचता येत नाही. कल्पना करा, एका जाडजूड दिवाळी अंकाच्या पन्नास प्रती कुणीतरी कात्रीने बारीक कापल्या आणि सगळे कपटे एका पोत्यात भरून तुमच्या हातात दिले. आता तुम्हाला मूळ अंक पुन्हा जुळवायचा आहे. तुमच्याकडे त्या अंकाची एक अखंड प्रत असेल तर काम तुलनेने सोपं. प्रत्येक कपटा त्या प्रतीशी ताडून बघायचा आणि कुठे एखादं अक्षर वेगळं दिसतंय का ते टिपायचं. पण अखंड प्रतच नसेल, तर एका कपट्याचं शेवटचं वाक्य दुसऱ्या कपट्याच्या सुरुवातीशी जुळतंय का, हे बघत बघत अख्खा अंक उभा करावा लागतो.

हे कपटे जुळवण्याचं काम हाताने होणं अशक्य. म्हणून त्यासाठी वेगवेगळी सॉफ्टवेअर लागतात. 'बीडब्ल्यूए' आणि 'मिनिमॅप२' ही तुकडे मूळ प्रतीशी ताडून बघतात. 'सॅमटूल्स' त्या जुळवणीची छाननी करून फरक शोधायला मदत करतं. 'नेक्स्टस्ट्रेन' विषाणूंची वंशावळ काढतं. 'पँगोलिन' हे सॉफ्टवेअर एखादा नमुना कोरोनाच्या कोणत्या कुळातला आहे ते ओळखतं. बी.१.६१७ हे नाव ज्या पद्धतीतलं आहे, त्याच पद्धतीसाठी पँगोलिन तयार झालं.

ही पाचही सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत.

ओपन सोर्स म्हणजे फुकट का?

नाही. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

तुम्ही बाजारातून मसाल्याचं पाकीट आणता. कुणी ते तुम्हाला फुकट दिलं तरी आत कोणता जिन्नस किती आहे आणि तो किती भाजलाय, हे कळत नाही. रस्सा तिखट झाला तर पाकीट बदलायचं, एवढंच तुमच्या हातात. पण शेजारच्या काकूंनी मसाल्याची कृतीच लिहून दिली, तर तुम्ही मिरची कमी करू शकता, खोबरं वाढवू शकता आणि तुमची सुधारलेली कृती पुढे बहिणीला देऊ शकता.

सॉफ्टवेअरची ही कृती म्हणजे 'सोर्स कोड'. नुसतं फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फुकट पाकीट. ओपन सोर्स म्हणजे कृती हातात, शिवाय ती वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची लेखी परवानगी.

ही लेखी परवानगी म्हणजे लायसन्स, आणि ते महत्त्वाचं आहे. 'ओपन सोर्स' कशाला म्हणायचं, याची सर्वमान्य व्याख्या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने सांभाळली आहे. त्या व्याख्येनुसार सॉफ्टवेअर कुणी आणि कशासाठी वापरायचं यावर बंधन घालता येत नाही. म्हणजे विद्यापीठ, सरकारी रुग्णालय आणि औषध कंपनी, तिघांनाही समान परवानगी.

लायसन्सचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एमआयटी, बीएसडी, अपाची ही लायसन्सेस म्हणतात, 'काहीही करा, फक्त मूळ लेखकाचा उल्लेख ठेवा.' जीपीएल म्हणतं, 'बदल करा, पण बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर त्याचाही कोड उघडा ठेवावा लागेल.' सॅमटूल्स पहिल्या प्रकारात मोडतं, बीडब्ल्यूए आणि पँगोलिन दुसऱ्या.

हे सगळं सुरू कुठून झालं?

एका तारखेपासून सुरुवात झाली असं सांगता येणार नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेशी संबंधित शास्त्रज्ञांनी 'ब्लास्ट' हे सॉफ्टवेअर आणलं. एखादा जनुकीय तुकडा दिला की जगात इतरत्र त्याच्यासारखं काय काय सापडलंय, ते ब्लास्ट शोधून देतं. सरकारी खर्चाने तयार झालेलं हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं राहिलं. आजही बायोइन्फर्मॅटिक्सचे विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच ब्लास्ट शिकतात.

पण खुलेपणाचा मुद्दा ऐरणीवर आला तो २००० मध्ये.

माणसाचा जिनोम वाचण्याचा सरकारी, आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला होता. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या 'सेलेरा' या खासगी कंपनीने हेच काम आपण आधी करून दाखवू, असं जाहीर केलं. सेलेराची माहिती पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळणार होती. जनुकांवर पेटंट घेण्याची चढाओढही तेव्हा जोरात होती. आपल्याच शरीरातला मजकूर वाचायला कंपनीकडे परवानगी मागावी लागणार की काय, अशी भीती शास्त्रज्ञांना वाटत होती.

सरकारी प्रकल्पाकडे तुकडे होते, पण ते जुळवणारं सॉफ्टवेअर तयार नव्हतं. तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कॅम्पसमध्ये जिम केंट नावाचे विद्यार्थी पीएचडी करत होते. केंट यांनी आधी अॅनिमेशनची सॉफ्टवेअर लिहिली होती आणि मग चाळिशीच्या आसपास ते जीवशास्त्राकडे वळले होते. त्यांनी ठरवलं की आपणच हे लिहू. सुमारे चार आठवड्यांत त्यांनी जवळपास १० हजार ओळींचा कोड लिहिला. टायपिंग करून मनगटं इतकी दुखायची की रात्री ती बर्फाने शेकावी लागत. विद्यापीठाने जमवलेल्या शंभर साध्या पीसींवर हे सॉफ्टवेअर चाललं आणि २२ जून २००० रोजी मानवी जिनोमची पहिली जुळणी तयार झाली. सेलेराने आपली जुळणी पूर्ण केली त्याच्या अवघे तीन दिवस आधी.

७ जुलै २००० रोजी हा जिनोम इंटरनेटवर टाकण्यात आला. कुणीही पाहावा, कुणीही डाउनलोड करावा.

या गोष्टीला दोन शेपट्या आहेत. पहिली, केंट यांच्या गटाने पुढे बनवलेला जिनोम ब्राउझर आजही शास्त्रज्ञ फुकट वापरतात. त्याचा कोड सगळ्यांना दिसतो, मात्र व्यापारी वापरासाठी तो उतरवून घ्यायचा तर वेगळा परवाना लागतो. म्हणजे काटेकोर व्याख्येने तो ओपन सोर्स नाही. दुसरी जास्त गमतीची आहे. ज्या सेलेराशी ही शर्यत होती, तिचं जुळणीचं सॉफ्टवेअर नंतर ओपन सोर्स झालं आणि त्यातूनच आज वापरलं जाणारं 'कॅनू' हे सॉफ्टवेअर तयार झालं. कंपनीची गरज संपली, पण कोड उघडा झाल्यामुळे काम पुढे चालू राहिलं.

पण कोड उघडा कशाला हवा? निकाल बरोबर आला की झालं!

निकाल बरोबर आहे हे ठरवायचं कसं, हाच तर प्रश्न आहे.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री चँग प्रथिनांच्या रचनेवर काम करायचे. २००१ पासून त्यांनी पेशींच्या आवरणातल्या प्रथिनांच्या रचना नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या. इतर शास्त्रज्ञांनी त्या आधार मानून पुढचं काम सुरू केलं. काहींचे प्रयोग या रचनांशी जुळत नव्हते, पण मोठ्या नियतकालिकात छापून आलेलं चूक कसं म्हणायचं? २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तशाच एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली आणि ती चँग यांच्या रचनेशी अजिबात जुळेना. मग चँग यांनी आपलं काम तपासलं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक घरगुती सॉफ्टवेअर वापरलं जात होतं, तेही दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आलेलं. ते सॉफ्टवेअर आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल करत होतं. त्यामुळे आरशात दिसावी तशी रचना उलटी निघत होती. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

यात फसवणूक नव्हती, ती प्रामाणिक चूक होती. पण शोधनिबंध तपासणाऱ्यांनी निबंध वाचला, सॉफ्टवेअर वाचलं नाही. ते त्यांच्यासमोर आलंच नव्हतं. आजच्या जीवशास्त्रात सॉफ्टवेअर हा प्रयोगाचाच भाग आहे. पूर्वी 'कोणतं रसायन किती वापरलं' हे लिहिणं बंधनकारक होतं, तसंच आता 'कोणता कोड वापरला' हे दाखवणं गरजेचं झालंय.

दुसरं उदाहरण तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातलं आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं, १ मार्च, २ सप्टेंबर! २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक स्क्रिप्ट लिहून हजारो शोधनिबंधांसोबतच्या एक्सेल फाइल्स तपासल्या. जनुकांच्या याद्या असलेल्या साधारण दर पाच निबंधांपैकी एकात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१' झालं 'मार्चएफ१' आणि 'सेप्ट२' झालं 'सेप्टिन२'. मायक्रोसॉफ्टने ही सवय बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली ती २०२३ मध्ये.

थोडक्यात, सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या हातात नव्हतं, म्हणून नावं बदलावी लागली.

ओपन सोर्सचा हा कारभार चालतो कसा?

बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एक मोठी कंपनी सगळं लिहिते, असं चित्र नाही. अनेक छोटे-मोठे गट आहेत आणि ते एकमेकांच्या कोडवर उभे आहेत.

'बायोपायथन' हा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. पायथन या संगणकीय भाषेत जीवशास्त्राची कामं करण्यासाठी लागणारी तयार अवजारं तो देतो. त्याच्याही आधी पर्ल या भाषेसाठी 'बायोपर्ल' होतं. अशा प्रकल्पांना आधार देण्यासाठी ओपन बायोइन्फर्मॅटिक्स फाउंडेशन ही स्वयंसेवकांनी चालवलेली संस्था उभी राहिली. २००० पासून दरवर्षी 'बॉस्क' ही परिषद भरते. तिथे ओपन सोर्सवर काम करणारे एकमेकांना भेटतात आणि परिषदेला जोडून चक्क एकत्र बसून कोड लिहितात.

२००१ मध्ये सुरू झालेल्या 'बायोकंडक्टर'मध्ये आज दोन हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. नवीन पॅकेज आलं की ते आधी तपासलं जातं, त्यासोबत वापरण्याची माहिती आहे का ते पाहिलं जातं आणि मगच ते स्वीकारलं जातं. ज्यांना कोड लिहिता येत नाही, अशा जीवशास्त्रज्ञांसाठी २००५ पासून 'गॅलॅक्सी' आहे. ब्राउझर उघडायचा, आपली फाइल चढवायची, बटणं दाबून विश्लेषण करायचं. कोणत्या पायरीवर काय केलं याची नोंद गॅलॅक्सी आपोआप ठेवतं, त्यामुळे तेच विश्लेषण दुसऱ्याला जसंच्या तसं करून बघता येतं.

यातला रोजचा व्यवहार मुख्यतः गिटहबसारख्या ठिकाणी चालतो. तिथे कोड ठेवलेला असतो. कुणाला चूक सापडली की तो 'इश्यू' उघडतो, म्हणजे जाहीर तक्रार नोंदवतो. कुणी दुरुस्ती सुचवतं. प्रकल्प सांभाळणारे, ज्यांना मेंटेनर म्हणतात, ती दुरुस्ती वाचतात, प्रश्न विचारतात, पटली तर स्वीकारतात. ही सगळी चर्चा जगाला दिसते.

ही पद्धत किती उपयोगी पडू शकते, याचं उदाहरण आपण सगळ्यांनी अनुभवलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही वेगळे जनुकीय क्रम जगासमोर ठेवले. २३ नोव्हेंबरला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले विषाणुतज्ज्ञ टॉम पीकॉक यांनी पँगो नावांच्या गिटहब पानावर एक इश्यू उघडला. 'यात स्पाइक प्रथिनात खूपच जास्त बदल दिसताहेत, याला वेगळं नाव द्यावं,' असा त्याचा आशय होता. तेव्हा असे मोजकेच क्रम उपलब्ध होते. लगेच त्या कुळाला 'बी.१.१.५२९' हे नाव मिळालं आणि २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 'ओमिक्रॉन' म्हटलं.

तीन दिवस. एखादा शोधनिबंध लिहून, तपासून, छापून यायला महिने लागतात. इथे क्रम उघडे होते, नाव देण्याची पद्धत उघडी होती आणि शंका नोंदवायला जागाही उघडी होती.

मग सगळंच ओपन सोर्स आहे का?

नाही. आणि यावरून भांडणंही होतात.

बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं 'जीएटीके' हे जनुकांमधले बदल शोधणारं अतिशय लोकप्रिय सॉफ्टवेअर. २०१२ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीसाठी नियम आला की शैक्षणिक वापर फुकट, कंपन्यांना मात्र पैसे. संशोधकांमध्ये नाराजी पसरली. २०१७ मध्ये ब्रॉडने जाहीर केलं की चौथी आवृत्ती पूर्णपणे ओपन सोर्स असेल.

अलीकडचं भांडण 'अल्फाफोल्ड'चं आहे. प्रथिनाची रचना संगणकाने वर्तवणारं गूगल डीपमाइंडचं हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं सॉफ्टवेअर. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोड २०२१ मध्ये खुला केला गेला आणि जगभर त्यावर काम सुरू झालं. मात्र ८ मे २०२४ रोजी 'नेचर'मध्ये तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, ती कोडशिवाय. वापरायला एक वेबसाइट होती, पण दिवसाला मोजकेच प्रयत्न करता येत. एक हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रावर सह्या केल्या. आम्हाला तपासताच येत नाही, तर हा शोधनिबंध छापला कसा, असा त्यांचा सवाल होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्फाफोल्डच्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीचा कोड आला, पण बिगरव्यापारी वापरापुरताच. आणि मॉडेल चालवण्यासाठी लागणारी मूळ फाइल अर्ज करणाऱ्या शैक्षणिक संशोधकांनाच मिळते. साधारण त्याच सुमारास एमआयटीमधल्या संशोधकांनी 'बोल्ट्झ-१' हे तशाच कामाचं मॉडेल कंपन्यांसह सर्वांसाठी खुलं केलं.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. असं मॉडेल घडवायला प्रचंड पैसा लागतो आणि त्यातून औषधं शोधून तो परत मिळवायचा असतो. वाद गुपित ठेवण्याच्या हक्कावर नाही. गुपित ठेवायचं असेल तर त्याला तपासलेलं विज्ञान म्हणून छापावं का, यावर आहे.

हे सगळं सांभाळण्याचे पैसे कोण देतं?

ओपन सोर्सची खरी दुखती नस हीच आहे.

संशोधनाला अनुदान मिळतं ते साधारणपणे काही वर्षांसाठी आणि नव्या कल्पनेसाठी. सॉफ्टवेअर लिहिलं, निबंध छापला, पीएचडी झाली, विद्यार्थी नोकरीला लागला. पण सॉफ्टवेअर मागे उरतं. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टम बदलते, नवी मशिन्स वेगळ्या प्रकारची माहिती देऊ लागतात, जगभरातून 'आमच्याकडे चालत नाहीये' असे इश्यू येत राहतात. या दुरुस्त्यांतून नवा शोधनिबंध निघत नाही. आणि विद्यापीठात बढती मिळते ती निबंधांवर.

गावातली सार्वजनिक विहीर बांधायला देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. दरवर्षी गाळ काढायला मात्र कुणी पुढे येत नाही. या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. अनेक अवजारांचा भार एक-दोन मेंटेनर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी उचलतात. त्यांनी हात वर केले तर त्या अवजारावर अवलंबून असलेल्या प्रयोगशाळांचं काम अडू शकतं.

यावर काही उपाय सुरू झालेत. चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्हने २०१९ पासून विज्ञानातल्या महत्त्वाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठीच अनुदान द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं वेगळं पद पुढे आलं. संशोधनासाठी कोड लिहिणं हेच ज्याचं काम, अशा माणसाला पगार आणि मान मिळावा, ही त्यामागची कल्पना. 'बायोकोंडा'सारख्या प्रकल्पाने हजारो अवजारं एका आज्ञेत बसवता येतील अशी सोय केली, त्यामुळे प्रत्येकाचा वेळ वाचतो. पण अनुदान संपलं की पुढे काय, हा प्रश्न बहुतेक प्रकल्पांच्या डोक्यावर कायम असतो.

कोड उघडा म्हणजे माझी जनुकीय माहितीही उघडी?

अजिबात नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोड म्हणजे कृती. माहिती म्हणजे तुमच्या घरातला डबा. कृती जगजाहीर असली तरी तुमचा डबा कुलपात राहू शकतो. भारतातल्या दहा हजार लोकांचे जिनोम वाचणाऱ्या 'जिनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे आणि ती मिळवण्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. ज्या माहितीतून माणसाची ओळख पटू शकते, ती अशीच जपायला हवी.

कोरोनाकाळातही सॉफ्टवेअर मोकळं असलं तरी विषाणूंचे क्रम ज्या 'जीसेड' या संग्रहात ठेवले जात, तिथे नाव नोंदवून अटी मान्य कराव्या लागत.

उलट कोड उघडा असला की तुमच्या माहितीचं आत नेमकं काय होतंय, हे तज्ज्ञ तपासू शकतात. मात्र तपासू शकतात आणि तपासतात यात फरक आहे. ओपन सोर्समध्येही चुका असतात, कधीकधी वर्षानुवर्षं. कोड उघडा ठेवल्याने चूक सापडण्याची शक्यता वाढते, हमी मिळत नाही.

आपल्याकडे याचा फायदा काय?

पहिला फायदा सरळ आहे, पैशांचा. लायसन्सची फी भरावी लागत असती तर लहान शहरातल्या कॉलेजला हे विश्लेषण शिकवणंच परवडलं नसतं. आज एखाद्या तालुक्याच्या गावातली एमएस्सीची विद्यार्थिनी तेच सॅमटूल्स वापरू शकते, जे केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये लिहिलं गेलं आणि तिथेही वापरलं जातं. लॅपटॉप कमी ताकदीचा असेल तर गॅलॅक्सीचे सर्व्हर आहेत.

दुसरा फायदा शिकण्याचा. पाठ्यपुस्तकात पद्धत वाचता येते, उघड्या कोडमध्ये ती प्रत्यक्ष चालताना दिसते.

तिसरा फायदा आपल्या प्रश्नांचा. परदेशातली कंपनी आपल्याकडच्या क्षयरोगासाठी किंवा आपल्या पिकांसाठी सॉफ्टवेअरमध्ये बदल करेलच असं नाही. कोड हातात असेल तर तो बदल आपण करू शकतो. खुल्या सहकार्याची ही कल्पना भारताने आधीही वापरून पाहिली आहे. २००८ मध्ये सीएसआयआरने क्षयरोगावर औषध शोधण्यासाठी 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' हा उपक्रम सुरू केला आणि त्यात देशभरातल्या विद्यार्थ्यांना सामील करून घेतलं होतं.

मला यात भाग घ्यायचा असेल तर?

कोड लिहिता यायलाच हवा असं नाही.

- आधी एखादं अवजार वापरा. गॅलॅक्सीचे मोफत पाठ सरावासाठीच्या माहितीसकट उपलब्ध आहेत.
- काही बिघडलं तर नीट इश्यू लिहा. कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा दिली, काय अपेक्षित होतं, काय झालं. चांगली तक्रार ही अर्धी दुरुस्ती असते.
- वापरण्याच्या माहितीत काही समजलं नसेल तर ते सोपं करून सुचवा. अनेक प्रकल्पांमध्ये नवख्यांची सुरुवात इथूनच होते.
- प्रोग्रॅमिंग येत असेल तर 'गूगल समर ऑफ कोड'कडे लक्ष ठेवा. ओपन बायोइन्फर्मॅटिक्स फाउंडेशनने त्यात अनेकदा भाग घेतलाय आणि निवड झालेल्यांना मानधन मिळतं.
- संशोधनात एखादं सॉफ्टवेअर वापरलंत तर निबंधात त्याचं नाव, आवृत्ती आणि श्रेय जरूर द्या. पुढचं अनुदान मागताना मेंटेनरकडे दाखवायला बहुतेक वेळा तेवढंच असतं.

२०२१ च्या मार्चमध्ये 'डबल म्युटंट'ची बातमी वाचताना ही अवजारं आपल्याला दिसली नाहीत, कारण ती चालत होती. पुढची साथ आली तर ती पुन्हा लागतील. तेव्हा ती चालू स्थितीत असावीत, यासाठी त्यांचा गाळ काढणाऱ्यांकडे साथ नसतानाच लक्ष द्यायला हवं.